मोडणाऱ्या बाई

मेश्राम बाई भेटल्यावर "कशा आहात?" असं कधी विचारत नसत. त्या विचारत, "आज काय मोडलं?" सकाळी सातची शाळा, घरून निघताना चहा अर्धाच प्यायलेला, आणि फाटकातच हा प्रश्न. पहिले काही शनिवार मला संशय यायचा की आमच्या घरातलं यांना कोणी कळवतं की काय. कारण रोज काही ना काही मोडलेलं असायचंच. मिक्सरच्या भांड्याचा दांडा, छत्रीची काडी, नाहीतर माझा डाएटचा संकल्प.

पहिल्या भेटीत मी त्यांना शिक्षकखोलीतली त्यातल्या त्यात बरी दिसणारी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ दाबून पाहिली, वाकून चारही पाय पाहिले आणि म्हणाल्या, "ही गुरुवारपर्यंत चालेल. मागचा डावा पाय." मग शेजारच्या लाकडी स्टुलावर बसल्या. बुधवारी मधल्या सुट्टीत आमचे पी.टी.चे सर डबा हातात घेऊन त्या खुर्चीसकट खाली आले. मटकीची उसळ पार कपाटापर्यंत गेली. मागचा डावा पायच तुटला होता. शनिवारी मी मोठ्या कौतुकाने हे त्यांना सांगितलं, तर त्यांना हसू काही आलं नाही. एक दिवस चुकला माझा, असं म्हणून त्यांनी सरांचं वजन विचारून घेतलं.

आमची शाळा मार्केट यार्डाच्या बाजूला. मुलं हमालांची, टेम्पोवाल्यांची, गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्यांची. मी चौथी ब ची वर्गशिक्षिका. त्या वर्षी संस्थेकडून पत्रक आलं की प्राथमिकच्या मुलांना हाताने करायचं विज्ञान शिकवावं आणि इंजिनिअरिंगच्या कामांची ओळख करून द्यावी. पत्रकं नेहमी जो दाराजवळ बसलेला असतो त्याच्या गळ्यात पडतात. मी दाराजवळ बसले होते. तोवर माझं विज्ञान म्हणजे फळ्यावर कप्पीचं चित्र काढायचं आणि बाणांना नावं द्यायला सांगायचं. खरी कप्पी मी स्वतःसुद्धा कधी हातात धरलेली नव्हती. कोथरूडला माझ्या मावशीच्या सोसायटीत एक निवृत्त बाई राहतात, त्या सिमेंटचं काहीतरी करायच्या, एवढ्या माहितीवर मी फोन केला.

"येते न," पलीकडून आवाज आला. "पण माझ्या अटी आहेत."

अटी तीन होत्या. बाजारातून तयार काही आणायचं नाही. जे बांधायचं ते मोडायचं. आणि तास चालू असताना मोठ्या माणसांनी हात मागे ठेवायचे. ही तिसरी अट मला तेव्हा सगळ्यात सोपी वाटली होती.

बाई मूळच्या नागपूरच्या. वडील तिथल्या गिरणीत होते. छप्पन्न साली घराने धम्म घेतला तेव्हा वडिलांनी ठरवलं होतं की मुलगी झाली तर तिलाही शिकवायचं, आणि ते त्यांनी केलं. बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत बाईंनी सगळी नोकरी काढली. कुठेही पूल, इमारत, पाण्याची टाकी उभी राहत असली की तिथल्या काँक्रीटचे वीतभर ठोकळे भरून या प्रयोगशाळेत यायचे. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे. म्हणजे या बाईंनी पस्तीस वर्षं सरकारी पगार घेऊन वस्तू मोडल्या. "मी मोडलं म्हणून लोकं त्याच्याखाली झोपून राहिले," असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदी खरं होतं.

त्या नोकरीतला एक शब्द आमच्या वर्गात रुळला. काही ठेकेदार तपासणीसाठी वेगळा ठोकळा करायचे. त्यात सिमेंट जास्त, वाळू चाळलेली, कडा कशा गुळगुळीत. इमारत मात्र वेगळ्याच मालाची. बाई अशा ठोकळ्याला 'लाडाचा ठोकळा' म्हणायच्या. तो आला की पेन्सिलीने दोन-तीनदा वाजवून बघायच्या, परत पाठवायच्या आणि स्वतः साइटवर जाऊन खरा ठोकळा भरून आणायच्या. लाडाचा ठोकळा मोडत नाही, पण तो कोणाविषयी काही सांगतही नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलांना हे फार आवडलं. बाजारातून तयार तक्ता आणलेल्या मुलाला सगळा वर्ग 'लाडाचा ठोकळा' म्हणून चिडवायला लागला.

दर शनिवारी बाई दोन बस बदलून, खांद्याला कापडी पिशवी लावून यायच्या. आल्या की मुलांना "जय भीम, नमस्कार, गुड मॉर्निंग, ज्याला जे पाहिजे ते घ्या" म्हणायच्या आणि लगेच काम सुरू. रद्दीच्या कागदाच्या गुंडाळून नळ्या करायच्या, त्या एकात एक घालून दोऱ्याने बांधायच्या आणि दोन बाकांमध्ये पूल उभा करायचा. मग त्यावर किलो किलोच्या वाळूच्या पिशव्या, पूल मोडेपर्यंत. मोडण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं की कितव्या पिशवीला मोडेल आणि कुठे. मोडल्यावर चार ओळींची चिठ्ठी लिहायची. काय मोडलं, कुठे मोडलं, का मोडलं आणि पुढच्या वेळी काय करायचं. चौथी ओळ ज्याचं मोडलं त्यानेच भरायची, दुसऱ्या कोणी सुचवायचीसुद्धा नाही. चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायच्या. पहिल्या शनिवारी पूल मोडल्यावर दोन मुलं रडली होती. महिन्याभरात पूल मोडला की टाळ्या पडायला लागल्या. मुलांनी त्यांचं नाव 'मोडणाऱ्या बाई' ठेवलं, आणि बाईंना ते कळल्यावर त्या दिवसभर खूश होत्या.

महिन्यातून एकदा कोणीतरी काम करणारा माणूस यायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा आला, बस डेपोतली मेकॅनिक आली, पाण्याच्या टाकीवरचा व्हॉल्व्हवाला आला. मुलांना त्याच्या कामातलं एक काहीतरी हाताने करायला मिळायचं, आणि बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, तुमच्या हातून काय मोडलं होतं? एकदा एका पालकाच्या ओळखीचा आयटीतला तरुण आला. लॅपटॉप, रंगीत स्लाइडा, 'पॅशन' हा शब्द सात वेळा. बाईंनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. मग त्याने स्लाइडा बंद केल्या आणि एका चुकीच्या ओळीमुळे हजारो लोकांना एकच मेसेज रात्रभर कसा जात राहिला, हे सांगितलं. त्या तासाला वर्ग जेवढा हसला तेवढा कधी हसला नसेल. जाताना तो मला म्हणाला, मॅडम, हे मी इंटरव्ह्यूमध्येसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती. वडील यार्डात हमाल. पूल मोडण्याचा अंदाज तिच्याइतका चुकीचा कोणाचा नसे. त्या आयटीवाल्यानंतर बाईंनी मुलांना विचारलं, आता कोणाला बोलवायचं, वजनाचं सगळ्यात जास्त कोणाला कळतं? कोणी क्रेनवाला म्हणालं, कोणी पैलवान. बाई म्हणाल्या, "प्रणालीचे पप्पा काहून नाही?" प्रणालीने मान खाली घातली. तिला ते नको होतं, हे मला दिसत होतं.

तिचे वडील महादेव आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, टोपी हातात. मी काय शिकवणार बाई, माझं काम डोक्याचं नाय, असं तीनदा म्हणाले. बाईंनी वाळूचं पोतं पुढे केलं आणि उचलून दाखवा म्हणाल्या. त्यांनी ते पाठीवर घेतलं, दोन पावलं चालले, आणि मग त्यांना बोलता यायला लागलं. "वजन पाठीवर राहत नाय पोरांनो. ते खाली उतरतं. पाय जिथं टेकला तिथं सगळं येऊन बसतं. पाठ कुणाची मोडत नाय, घोटा मोडतो." प्रत्येक मुलाने वाळूची एकेक पिशवी पाठीवर घेऊन आपलं वजन कुठे उतरतं ते पाहिलं. त्या दिवसापासून प्रणाली पुलाच्या मध्याकडे बघेनाशी झाली. ती टेकूच्या शेजारचा सांधा बघायची, आणि तिचे अंदाज बरोबर यायला लागले. वर्गात ती सगळ्यांना सांगायची, हे माझ्या पप्पांचं आहे.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. म्हणजे आता मी काहीतरी घाण करणार, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. आठवडाभर आधी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. शनिवारचा तास त्यांना स्कॉलरशिपच्या सरावासाठी हवा होता. त्यांनी सरळच सांगितलं की पाहुण्यांसमोर मुलांच्या वस्तू धडाधड मोडून शाळेची शोभा झाली, तर सोमवारपासून तास बंद. मी हे मेश्राम बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं आणि म्हणाल्या, "पूल तर मोडणारच जी. त्याच्यासाठीच तर बांधून राहिलो."

मला झोप लागेना. आणि आता एक कबुली. पुण्यातल्या शाळेत प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलांच्या वस्तूंना हात न लावलेली शिक्षिका मला दाखवा, मी तिच्या पाया पडेन. आपण फक्त 'जरा नीट करतो'. ज्वालामुखीला आणखी एक रंगाचा हात, पवनचक्कीला एक टाचणी. वीस वर्षं मी हेच करत आले होते आणि त्याला माया म्हणत होते. शुक्रवारी दुपारी मुलं गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून चार स्पोक आणले. कागदाच्या नळ्या पोकळच होत्या. प्रणालीच्या गटाच्या पुलात, बाजूच्या उघड्या तोंडातून, मी ते स्पोक सांध्यांच्या पार पलीकडे सारले. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कामाची सफाई बघून मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी महादेव खाडा करून आले होते. मागच्या भिंतीपाशी हात मागे बांधून उभे. प्रणालीने चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. अकराव्या पिशवीला मोडेल, डावीकडे टेकूशेजारच्या खालच्या सांध्यात, कारण वजन तिथे उतरतं, हे माझ्या पप्पांनी शिकवलं. अध्यक्षांनी मान डोलावली. एकेक पिशवी चढायला लागली. अकरावी ठेवली, काही नाही. बारावी, तेरावी. पंधराव्या पिशवीला टाळ्या सुरू झाल्या. विसाव्या पिशवीला पिशव्याच संपल्या आणि पूल तसाच उभा. अध्यक्ष उठून उभे राहिले. हा उपक्रम चौथी ब पुरता न ठेवता सगळ्या वर्गांना सुरू करा, असं त्यांनी जागच्या जागी सांगितलं. मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मी जिंकले होते. तास वाचला होता. फक्त प्रणाली टाळ्या वाजवत नव्हती. ती मागे वडिलांपाशी गेली आणि काहीतरी बोलली. महादेवांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, टोपी घातली आणि दाराकडे वळले.

मेश्राम बाई पुलाजवळ वाकल्या. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी डावीकडची नळी वाजवली, मग उजवीकडची. मग माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हात मागेच.

"लाडाचा ठोकळा," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी बापाले काय म्हणाली, ऐकलं का बाई? 'पप्पा, तुमचं चुकलं' म्हणाली." एरवी माझ्याशी जपून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडात तेव्हा नागपूरच आलं होतं. "मी काही बोलणार नाही. पूल तुमचा आहे."

त्या खरंच काही बोलल्या नसत्या. तास चालू राहिला असता, सगळ्या शाळेत गेला असता. आणि एका मुलीला जन्मभर वाटत राहिलं असतं की वजनातलं तिच्या बापाला कळत नाही. मी महादेवांना हाक मारली. पिशव्या उतरवल्या, चिमट्याने नळीतून स्पोक ओढून काढले, एक, दोन, तीन, चार, आणि अध्यक्षांसमोरच्या टेबलावर ठेवले. मी सांगितलं की पुलात हे मी घातले होते, मुलांना ठाऊक नव्हतं. प्रणालीचं चुकलेलं नाही आणि तिच्या वडिलांचं तर नाहीच. चूक माझी आहे.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "प्रांजळपणाचं प्रात्यक्षिक कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नव्हतं," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मोठ्या बाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण आता हसत नव्हत्या. मुलांनी गलका केला की आता परत पिशव्या ठेवू. मेश्राम बाईंनी नाही म्हणून सांगितलं. एकदा इतकं सोसलेला पूल पुन्हा मोजायचा नाही, त्याच्यावर अन्याय होतो. नवा बांधायचा.

सोमवारी मला खोलीत बोलावून जे ऐकवायचं ते ऐकवण्यात आलं. तास बंद झाला. हातापाया पडून मी फक्त येणारा एक शनिवार मागून घेतला, पूल पुरा करायला. त्या शनिवारी महादेव पुन्हा आले. आणि मधेच, कोणाला न कळवता, अध्यक्षही आले. बाईंनी त्यांना सांगितलं, साहेब, हात मागे. आमच्या अध्यक्षांना असं कोणी सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यांनी हात मागे घेतले.

पूल दहाव्या पिशवीला मोडला. अकराव्या नव्हे, दहाव्या. पण मोडला तो डावीकडे, टेकूशेजारच्या खालच्या सांध्यात. वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. प्रणालीने एवढंच विचारलं, "पप्पा, बघितलं?" महादेवांनी ती मोडकी नळी मागून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मलाही रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठ्यांचा डबा मागवला आणि अर्धा तास बाकावर बसून वाचत राहिले. जाताना मोठ्या बाईंना म्हणाले, "हा तास का बंद करायचा ते मला लिहून द्या. चार ओळींत." तो कागद अजून कोणी लिहिलेला नाही. तास चालू आहे.

पुढच्या वर्षी बाईंचे गुडघे बोलायला लागले. दोन बस, खांद्याला पिशवी, जमेना. नागपूरला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं. शेवटच्या शनिवारी मुलांनी रडून घेतलं. बाईंनी त्यांना सांगितलं की मी जात आहे, मोडलेली नाही. मग फाटकापाशी मला एक वर्तमानपत्राची पुडी दिली. त्यात ते चार स्पोक होते, दोऱ्याने नीट बांधलेले, आणि प्रयोगशाळेत ठोकळ्याला लावतात तशी चिठ्ठी लावलेली.

काय मोडलं : काही नाही.
कुठे : चौथी ब.
का : बाईंना माया आवरली नाही.
पुढच्या वेळी :

चौथी ओळ कोरी होती. ज्याचं त्याने भरायचं, हा त्यांचाच नियम. मी घरी जाऊन भरायला बसले आणि जमेना. नेहमी काहीतरी भारदस्त सुचायचं, आणि ते खोटं वाटायचं. पुडी माझ्या शाळेतल्या खणात पडून राहिली.

यंदाच्या प्रदर्शनात चौथी ब चा पूल तिसऱ्या पिशवीला मोडला. फक्त तिसऱ्या. आदल्या दिवशी दुपारी रिकाम्या वर्गात मी त्या पुलासमोर बराच वेळ उभी होते. उजवीकडची गाठ सैल आहे हे मला लांबून दिसत होतं. दोऱ्याचे दोन वेढे दिले असते तर दहा पिशव्यांपर्यंत सहज गेला असता. बोटं अक्षरशः शिवशिवत होती. मग मी दिवे बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पूल मोडल्यावर त्या गटातल्या मुलीने गाठ उलटी-सुलटी करून पाहिली आणि कोणी न सांगता म्हणाली, "ही मीच सैल बांधली."

संध्याकाळी नेहमीसारखा नागपूरहून फोन आला. आज काय मोडलं? मी सांगितलं, पूल, तिसऱ्या पिशवीला. आणि गाठ सैल आहे हे मला काल दिसलं होतं, तेही सांगितलं.

"मग? तुम्ही काय केलं?"

"हात मागे ठेवले."

बाई म्हणाल्या, "मग लिहून टाका न बाप्पा. किती वर्षं कोरं ठेवता."

सोमवारी मी खण उघडला आणि चौथी ओळ भरली.